सुटीचा बेत आणि समुद्राची संमति

वार्षिक परीक्षा जवळ आली, कीं मुलांचें शरीर वर्गांत आणि मन खिडकीबाहेर अशी स्थिति होते, हा आमचा वीस वर्षांचा अनुभव आहे. कोणी मामाच्या गांवीं जावयाचें बोलतो, कोणी महाबळेश्वरास. आणि ज्यांस कोठेंच जावयाचें नसतें ते इतरांचें ऐकून घेतात. गेल्या वर्षीं मात्र नववीच्या वर्गांत एक नवीनच विषय निघाला. शाळा सुटल्यावर एक विद्यार्थी आपल्या वडिलांस घेऊन आमच्याकडे आला, व त्यांच्या मोबाइलमधील एक हालतें चित्र त्यानें आम्हांस दाखविलें. निळ्या पाण्यावर एक तरुण पायांखालीं फळी घेऊन उभा होता. त्याच्या डोक्यावर आकाशांत एक प्रचंड अर्धचंद्राकृति पतंग तरंगत होता, आणि त्या पतंगाच्या ओढीनें तो तरुण लाटांवरून धांवत होता. नव्हे, मधूनमधून दोन पुरुष उंच उडून पुन्हां अलगद पाण्यावर उतरत होता.

वडील म्हणाले, "मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यांत आम्ही गोव्यास जाणार आहोंत. त्या दिवसांत भाडीं उतरलेलीं असतात, म्हणून जागा आगाऊ घेऊन ठेविली. आतां हा म्हणतो, मला हा खेळ शिकावयाचा आहे. सर, आपलें मत काय?" तेथेंच दुसऱ्या एका मुलीची आई बसली होती. ती म्हणाली, "हीं सारीं श्रीमंतांचीं थेरें! आमच्या मुलीला समुद्रांत पावलें भिजवण्यापलीकडे कांहीं नको."

त्या दिवशीं आम्ही थोडेंच बोललों. परंतु हा प्रश्न एका घरचा नाहीं. मोटारी झाल्या, आगगाडी कोंकणांतून गोव्यापर्यंत गेली, आणि घाटावरच्या ज्या मुलांच्या आजोबांनीं जन्मांत समुद्र पाहिला नव्हता तीं मुलें आज दरसाल समुद्रावर जातात. म्हणून आमचें मत येथें सविस्तर मांडण्याची परवानगी वाचकांजवळ मागतों. तें मत त्या वडिलांचें नाहीं, आणि त्या माउलीचेंहि नाहीं.

प्रथम हा खेळ काय आहे तें पाहूं. इंग्रजींत यास काइटबोर्डिंग म्हणतात. ज्या मुलानें संक्रांतीस पतंग उडविला आहे त्यास याचें मर्म कळण्यास अडचण पडूं नये. वाऱ्यांत पतंग स्थिर झाला, कीं मांजा बोटास ओढतो. तो पतंग कागदाचा व वीतभर असल्यामुळें ती ओढ बोटापुरतीच असते. तोच पतंग नऊ किंवा बारा चौरस मीटर कापडाचा केला, तर ती ओढ मनुष्यास उचलूं शकते. या पतंगास बहुधा वीस ते चोवीस मीटर लांबीच्या चार किंवा पांच दोऱ्या असतात. त्या एका आडव्या दांडीस जोडतात, व ती दांडी खेळाडूच्या कमरेच्या पट्ट्यांत अडकवितात. दांडी जवळ ओढली म्हणजे जोर वाढतो, दूर सोडली म्हणजे घटतो. पतंगाच्या कडेस हवा भरलेली नळी असते, त्यामुळें तो पाण्यांत पडला तरी बुडत नाहीं व तेथूनच पुन्हां उडवितां येतो. या फुगीर पतंगाची युक्ति ब्रुनो व डॉमिनिक लेगेन्यू या दोन फ्रेंच बंधूंनीं शोधून काढली आणि १९८४ सालीं तिचें पेटंट घेतलें.

परंतु पतंगास ओझें ओढावयास लावण्याची कल्पना त्याहूनहि जुनी आहे, आणि सांगण्यास आनंद वाटतो, कीं ती एका शाळामास्तराच्या डोक्यांतून निघाली होती. इंग्लंडांतील ब्रिस्टल शहरीं जॉर्ज पोकॉक नांवाचे एक शिक्षक होते. त्यांनीं १८२६ सालीं पतंगांनीं ओढल्या जाणाऱ्या गाडीचें पेटंट घेतलें, व ती गाडी सडकेवरून चालवूनहि दाखविली. त्यांच्या मार्था नांवाच्या मुलीचा मुलगा म्हणजेच क्रिकेटमधील प्रसिद्ध डब्ल्यू. जी. ग्रेस. तेव्हां पतंगाचा नाद हा टवाळ पोरांचाच असतो असें म्हणणाऱ्यांनीं जरा थांबावें. २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिक सामन्यांत या खेळाच्या शर्यतींस प्रथमच स्थान मिळालें. त्या शर्यती मार्सेय येथें समुद्रावर झाल्या. पुरुषांतील सुवर्णपदक मिळविलें व्हॅलेंटिन बॉन्टस यानें, आणि तो ऑस्ट्रिया देशाचा, म्हणजे ज्या देशास तसूभरहि समुद्रकिनारा नाहीं अशा देशाचा आहे. स्त्रियांतील सुवर्णपदक ब्रिटनच्या एली ऑल्ड्रिज हिनें मिळविलें. घाटावर जन्मलेल्या मुलानें किंवा मुलीनें समुद्राचा नाद करूं नये, असा निसर्गाचा कांहीं नियम नाहीं, एवढें यावरून सिद्ध होतें.

म्हणून आम्ही या खेळास थेरें म्हणत नाहीं. त्यांत बळ लागतें, पण बळापेक्षां अवधान अधिक लागतें. परंतु आमची हरकत आहे ती आपण सुटीचा बेत ज्या क्रमानें आंखतों त्या क्रमास. घरोघरीं काय घडतें? आधीं रजा कोणास केव्हां मिळते तें पाहतात; मग जागेचें भाडें कोठें उतरतें तें पाहतात; मग तिकिटें काढतात; मग कोण कोण बरोबर येणार, डब्यांत काय न्यावयाचें, हें ठरतें. पैसे भरले जातात, नातेवाइकांस सांगून होतें, मुलें दिवस मोजूं लागतात. आणि ज्याच्याकडे जावयाचें त्या समुद्रास मात्र शेवटपर्यंत कोणी विचारीत नाहीं. जणूं काय तोहि भाड्याच्या खोलीबरोबर आपल्या नांवें राखून ठेविलेला आहे!

या चुकीचें वर्णन आम्ही दुसऱ्यावरून करीत नाहीं. ती आम्हीं स्वतः केली आहे. पंधरासोळा वर्षांपूर्वीं, आम्ही शिक्षकीचा पेशा पत्करून फार दिवस झाले नव्हते तेव्हां, चाळीस मुलांची सहल घेऊन आम्ही कोंकणांतील एका किनाऱ्यावर गेलों होतों. मुलांनीं महिनाभर पैसे साठविले होते व रात्रभर गाडींत बसून प्रवास केला होता. वाटेंत गाडी बिघडली, आणि सकाळीं पोहोंचावयाचें तें आम्ही दुपारीं तीन वाजतां पोहोंचलों. पांच वाजतां परत निघावयाचें होतें. वाळूवर एक वृद्ध कोळी जाळें दुरुस्त करीत बसला होता. मुलें कपडे काढूं लागलेलीं पाहून तो उठून आमच्याकडे आला व म्हणाला, "मास्तर, आज पोरांना पाण्यांत सोडूं नका. ओढ आहे."

आम्हीं त्याचें बोलणें ऐकलें, आणि तरीहि मुलांस गुडघाभर पाण्यापर्यंत जाऊं दिलें. कारण त्या क्षणीं आमच्या मनांत समुद्र नव्हता. पालकांनीं भरलेले पैसे होते, मुलांचे उत्सुक चेहरे होते, आणि पांच वाजतां सुटणारी गाडी होती. गुडघाभर म्हणून गेलेलीं मुलें कमरेभर पाण्यांत केव्हां गेलीं हें कळलेंहि नाहीं. लाटांनीं किनाऱ्याकडे आणलेलें पाणी कित्येकदां एखाद्या अरुंद वाटेनें वेगानें परत समुद्रांत जातें. त्या वाटेवर लाटा फुटत नाहींत, म्हणून ती जागा शांत दिसते, व अजाण मनुष्य पाण्यांत उतरण्यास नेमकी तीच निवडतो. आमचा एक विद्यार्थी त्या वाटेस लागला. आम्ही ओरडत राहिलों. जवळच रापण ओढणारी माणसें होतीं. त्यांतील दोघे दोर कमरेस बांधून पाण्यांत गेले व त्यास घेऊन आले. तो वांचला. आज तो एका कारखान्यांत नोकरीस आहे, दरवर्षीं आम्हांस भेटावयास येतो, आणि त्या प्रसंगाविषयीं हंसून बोलतो. आम्हांस अद्याप हंसतां येत नाहीं.

त्या दिवशीं आम्ही अडाणी नव्हतों, हें लक्षांत घ्यावें. धोक्याची सूचना आम्हांस वेळेवर व स्पष्ट शब्दांत मिळाली होती. उणीव ज्ञानाची नव्हती, बेताची होती. ज्या बेतांत समुद्रासाठीं दोनच तास ठेविले आहेत, त्या बेतास "आज नको" हे शब्द ऐकूंच येत नाहींत. मनुष्य वाईट नसतो, बेपर्वाहि नसतो. त्याचा बेतच बहिरा असतो.

आणि सर्वांचींच मुलें आमच्या विद्यार्थ्याइतकीं सुदैवी नसतात. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले दहाहून अधिक तरुण विद्यार्थी बुडाले. १५ एप्रिल २०१७ रोजीं मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगांवाहून आलेल्या सहलींतील आठ जण गेले. या दोन दिवसांची आठवण आम्ही कोणास दोष देण्यासाठीं काढीत नाहीं. आमच्याच हातून काय घडलें असतें हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु जो पालक आपल्या मुलास समुद्रावर धाडतो, त्यास या तारखा ठाऊक असल्या पाहिजेत.

तर मग बेत कसा आंखावा? आमच्या मतें त्याचा आरंभ समुद्रापासून शेंकडों मैल दूर, आपल्याच गांवीं, आणि सुटीच्या निदान सहा महिने आधीं व्हावयास पाहिजे; कारण पहिली पायरी पोहण्याची आहे. पतंगाची दोरी हातीं घेणाऱ्यास खोल पाण्यांत न घाबरतां पोहतां व तरंगतां आलें पाहिजे. दोनशें मीटर अंतर सावकाश, न थांबतां पोहणें, आणि पाय न टेकतां दहा मिनिटें पाण्यावर पडून राहणें, एवढी कसोटी आम्ही सुचवितों. हें शिकण्यास गोवा लागत नाहीं. नगरपालिकेचा तलाव असेल तर तेथें, नाहीं तर गांवची विहीर व एखादा जाणता चुलता किंवा मामा पुरतो. येथें मुलगा व मुलगी असा भेद मुळींच करूं नये. जिला पावलें भिजविण्यापुरतीच परवानगी असते तीच मुलगी पाय घसरल्यावर बुडते, कारण तिला तरंगावयास कोणीं शिकविलेलें नसतें. त्या माउलीस आम्ही नम्रपणें एवढेंच सांगूं, कीं मुलीला पाण्यापासून दूर ठेवल्यानें ती सुरक्षित होत नाहीं. पाणी शिकविल्यानें होते.

दुसरी पायरी वाऱ्याची. आमच्या भूगोलाच्या पुस्तकांत खारे वारे व मतलई वारे यांचा एक धडा आहे. मुलें तो परीक्षेपुरता पाठ करतात व विसरतात. परंतु या खेळाचा सगळा बेत त्या एका धड्यावर उभा आहे. दिवसां जमीन पाण्यापेक्षां लवकर तापते, तिच्यावरची हवा वर चढते, व समुद्रावरील थंड हवा तिची जागा घेण्यास जमिनीकडे येते. हा खारा वारा. रात्रीं जमीन लवकर निवते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहूं लागतो, हा मतलई. आतां पतंगवाल्याच्या दृष्टीनें पाहा. खाऱ्या वाऱ्यांत त्याची फळी सुटली, तर वारा त्यास आज ना उद्यां वाळूकडे आणील. मतलई वाऱ्यांत तीच फळी सुटली, तर वारा त्यास उघड्या समुद्रांत घेऊन जाईल. म्हणून जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यांत हा खेळ खेळावयाचा नाहीं, हा त्याचा पहिला नियम आहे. समोरून थेट किनाऱ्यावर आदळणारा वाराहि नवशिक्यास चांगला नाहीं. तो त्यास वाळूवर किंवा खडकावर फेंकतो. बाजूनें किंवा तिरपा येणारा वारा उत्तम.

उत्तर गोव्यांतील पेडणें तालुक्यांत मोरजी, आश्वे, मांद्रे आणि हरमल हे किनारे एकापुढें एक लागले आहेत, व त्यांचीं तोंडें पश्चिमेस आहेत. उन्हाळ्याच्या दिवसांत दुपारीं येथें जो खारा वारा सुटतो तो वायव्येकडून, म्हणजे किनाऱ्यास तिरपा येतो. म्हणूनच मोरजी व आश्वे येथें हा खेळ शिकविणारे लोक आढळतात. या गोष्टींवरून दिवसाचें वेळापत्रक आपोआप ठरतें. सकाळीं, विशेषतः थंडीच्या महिन्यांत, वारा जमिनीकडून असतो व पाणी शांत असतें. तो वेळ जीवरक्षकाच्या नजरेसमोर, किनाऱ्याजवळ पोहण्याचा. भर दुपार विश्रांतीची. तिसऱ्या प्रहरीं वारा भरला म्हणजे पतंगाचा धडा. सूर्यास्ताच्या आधीं सर्वांनीं वाळूवर.

वर्षाचें वेळापत्रकहि वाराच ठरवितो. दिवाळीच्या सुटींत पावसाळी वारा गेलेला असतो व उन्हाळी वारा आलेला नसतो. नाताळांत हवा आल्हाददायक, पण वारा बहुधा मंद. शिवाय गर्दी अतोनात व भाडीं चढलेलीं. फेब्रुवारीपासून खारा वारा जोर धरूं लागतो. विद्यार्थ्यांस परीक्षा झाल्यावर एप्रिलचा उत्तरार्ध व मेचा आरंभ हाच काळ सोईचा. मे संपतां संपतां समुद्र पावसाळ्याच्या तयारीस लागतो. मोठमोठ्या लाटा येऊं लागतात, आणि जलक्रीडेचा व्यवसाय करणारे आपलीं साधनें गुंडाळूं लागतात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी सरकारी हुकुमानें बंद असते. समुद्रावर ज्यांचें पोट आहे तेच जेव्हां होड्या वर ओढून घेतात, तेव्हां मौजेसाठीं आलेल्यानें पाण्यांत शिरणें यास काय म्हणावें?

आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांस मेच्या शेवटच्या आठवड्याचें भाडें स्वस्त कां मिळालें, याचें उत्तर येथें आहे.

तिसरी पायरी शिक्षकाची. हा खेळ मित्राकडून किंवा चित्रें पाहून शिकण्याचा नाहीं. याचें एक गणिती कारण आहे: वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर पतंगाची ओढ दुप्पट होत नाहीं, चौपट होते. वेग तिप्पट झाला तर ओढ नऊपट. मघां जो वारा गालास गोड वाटत होता तोच थोडा वाढल्यावर मनुष्यास वाळूवरून फरफटत नेतो, तो असा. म्हणून चांगला शिक्षक पहिल्या दिवशीं फळी देतच नाहीं. तो वाळूवर लहान पतंग उडवावयास लावतो, संकटसमयीं पतंगाचा जोर एका झटक्यांत सोडून देण्याची कळ डोळे मिटूनहि सांपडेल इतक्या वेळां दाबावयास लावतो, मग फळीशिवाय पाण्यांतून पतंगामागें ओढत जाणें शिकवितो, आणि फळी सर्वांत शेवटीं देतो. फळीवर प्रथम उभें राहून थोडें अंतर जाण्यास सामान्य मनुष्यास बहुधा नऊ ते बारा तासांचें शिक्षण लागतें. एका दिवसांत शिकवूं असें जो म्हणतो त्याच्यापासून दूर राहावें. लहान व हलक्या अंगाच्या मुलास तर पुष्कळ शिक्षक घेतच नाहींत; त्याबद्दल रागावूं नये, आभार मानावे.

पैसे देण्यापूर्वीं पालकांनीं शिक्षकास पांच प्रश्न विचारावे. शिकविण्याचें प्रमाणपत्र आहे काय? (या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना २००१ पासून शिक्षकांस अशीं प्रमाणपत्रें देत आली आहे.) एका वेळीं किती विद्यार्थी घेतां? शिरस्त्राण व तरंगण्याचें जाकीट तुम्ही देतां काय? कोणी दूर वाहून गेल्यास आणण्यास होडी तयार असते काय? आणि पांचवा प्रश्न, जो आमच्या मतें सर्वांत मोलाचा आहे: वारा अनुकूल नसल्यास पैसे परत देतां, कीं दुसरा दिवस देतां? ज्या शिक्षकास "आज नको" म्हणतांच आपलें नुकसान होईल असें वाटतें, तो केव्हां ना केव्हां आम्हीं केली तीच चूक करील.

यावरून चौथी पायरी सहज येते, आणि ती दिसण्यांत सर्वांत लहान आहे: बेतांत रिकामा दिवस ठेवावा. पांच दिवस जावयाचें असेल, तर तीनच दिवस पाण्याचे धरावे. उरलेल्या दोन दिवसांवर आधींच कांहीं लिहूं नये. ते दिवस समुद्राच्या मालकीचे आहेत असें समजावें. तो हो म्हणाला तर खेळावें. नाहीं म्हणाला तर जुनें देऊळ किंवा चर्च पाहावें, बाजारांत जावें, वाळूवर बसून वाचावें. पंधरा वर्षांपूर्वीं आमच्या सहलीस असा एक दिवस अधिक असता, तर त्या वृद्ध कोळ्याचे शब्द आम्हांस ऐकूं आले असते.

येथें कोणी म्हणेल, कीं हा सगळा खर्चाचा मामला आहे. आमच्यासारख्यांनीं दोन दिवस रिकामे कोठून आणावे? हा आक्षेप खरा आहे, व तो हलका लेखण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. आमच्या शाळेंतील पुष्कळ घरांस समुद्राचा प्रवासच जड आहे. परंतु वर सांगितलेल्या चार गोष्टींत खर्चाची गोष्ट एकच आहे, ती शिक्षकाची. पोहणें, वारा ओळखणें, आणि नाहीं म्हणण्यास जागा ठेवणें, या तिन्ही जवळजवळ फुकट आहेत, व प्राण त्यांनींच वांचतात. ज्यांस पतंगाचा धडा परवडत नाहीं त्यांनीं तो घेऊं नये. पण जीवरक्षक जेथें उभा आहे तेथेंच उतरावें, लाल बावटा असेल तेथें उतरूं नये, आणि ओढींत सांपडल्यास किनाऱ्याकडे तोंड करून झगडत न बसतां किनाऱ्यास समांतर पोहून बाहेर पडावें, व तेंहि न साधलें तर तरंगत राहून हात वर करावा, एवढें तरी मुलास शिकवूनच न्यावें. यास पैसा लागत नाहीं.

दुसरा कोणी म्हणेल, इतकें भ्यावयाचें तर जावेंच कशास? आम्ही भीतीचा उपदेश करीत नाहीं. स्वैपाकघरांत विस्तव असतो म्हणून आपण उपाशी राहत नाहीं. विस्तवाशीं कसें वागावें तें मुलांस शिकवितों. आणि समुद्र हा केवळ मौजेचा विषयहि नाहीं. गोव्यांत केंद्र सरकारची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, ती जीवरक्षकाचें व होडी चालविण्याचें शिक्षण देते. तारकर्लीस महाराष्ट्राच्या पर्यटन महामंडळानें पाण्याखालीं बुडी मारण्याचें शिक्षण देणारी संस्था काढली आहे. आज ज्या मुलास पाण्याची गोडी लागेल त्यास उद्यां तेथें अन्नहि मिळूं शकेल.

आणखी एक गोष्ट पाहुण्यानें विसरूं नये. ज्या वाळूवर आपण चार दिवस येतों ती कोणाचें तरी अंगण आहे. रापण ओढली जात असतां तेथें पतंग उतरवूं नये. ते दोर व तीं जाळीं हेंच त्या माणसांचें शेत आहे. मोरजीच्या किनाऱ्यावर थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत समुद्रकासवें अंडीं घालण्यास येतात, व त्यांचीं घरटीं वनखात्याचे लोक कुंपण घालून राखतात; त्या कुंपणाजवळ गोंगाट करूं नये, दिवे लावूं नयेत. आमच्या विद्यार्थ्यास ज्यांनीं बाहेर काढलें ते रापणवाले होते. त्यांचें नांव विचारण्याचेंहि भान त्या दिवशीं आम्हांस राहिलें नाहीं, ही रुखरुख अजून आहे.

असो. त्या वडिलांस आम्हीं शेवटीं काय सांगितलें, हें वाचकांस जाणून घ्यावेंसें वाटेल. आम्हीं मत दिलें नाहीं; मुलास एक कोरा कागद दिला व म्हटलें, "बेत तूंच आंख. पण पहिल्या ओळींत वारा लिही, दुसऱ्या ओळींत पोहणें, तिसऱ्या ओळींत शिक्षक, आणि राहण्याची जागा सर्वांत शेवटीं." आठ दिवसांनीं तो कागद घेऊन आला. त्याचा चेहरा उतरला होता, कारण वाऱ्याच्या पहिल्याच ओळीनें मेचा शेवटचा आठवडा खोडून टाकला होता, आणि दुसऱ्या ओळीनें त्याला स्वतःला. त्यास पोहतां येत नव्हतें. वडिलांनीं आगाऊ भरलेल्या पैशांपैकीं कांहीं बुडाले. ते म्हणाले, "सर, पैसेच बुडाले, ठीक आहे." इतक्या थोडक्या शब्दांत इतकें शहाणपण आम्हीं क्वचितच ऐकलें आहे.

गेल्या मे महिन्यांत तो मुलगा गोव्यास गेला नाहीं. तो रोज सकाळीं सहा वाजतां नगरपालिकेच्या तलावावर जात होता. जूनमध्यें शाळा उघडली तेव्हां त्यास शंभर मीटर पोहतां येत होतें. आज दोनशें येतें. यंदा एप्रिलच्या अखेरीस त्यांचें घर पांच दिवसांसाठीं पेडण्यास जाणार आहे. नवा कागद त्यानें आम्हांस कालच दाखविला. त्यांत सोमवार, मंगळवार व गुरुवार यांपुढें कामें लिहिलीं आहेत. बुधवार आणि शुक्रवार यांपुढें कांहीं लिहिलेलें नाहीं.